निसर्ग वादळानंतरचं घर : दापोलीच्या किनाऱ्यावरची एक दुरुस्ती

हे घर दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या एका गावात आहे. कुटुंबाच्या इच्छेवरून गावाचं नाव, आडनाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माणसांना नात्यानेच ओळखू या. मी या कामात सल्लागार वास्तुरचनाकार होतो.

पार्श्वभूमी

गावाची ठेवण त्या पट्ट्यातल्या अनेक गावांसारखीच. किनाऱ्याला समांतर एकच अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना घरं, आणि पश्चिमेच्या ओळीत प्रत्येक घरामागे पुळणीपर्यंत गेलेलं नारळी-पोफळीचं आगर. आगर संपलं की सुरूची रांग, मग वाळू. घराचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडे. भरतीरेषा दोनशे मीटरच्या आत, पण घराच्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नाही. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. ज्यांनी घर बांधलं त्यांना समुद्र पाहायचा नव्हता, त्याचा वारा चुकवायचा होता.

जोतं घडीव जांभ्याचं. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत बसवलेल्या, दरजा चुन्याने भरलेल्या, जाडी दीड ते दोन फूट. पुढे अंगण, तुळस, मग पडवी, ओटी, माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी, शेवटी न्हाणीघर आणि लाकडं ठेवायची खोली. ओटीचे खांब सागवानी, तुळया काही सागाच्या, काही फणसाच्या. माळ्यावरच्या आतल्या भिंती कच्च्या विटांच्या. वर मंगलोरी कौलं.

घर कधीचं, यावर घरात दोन मतं होती. बऱ्याच कौलांवर बाझेल मिशनचा (मंगळूरकडे कौलांचे कारखाने चालवणाऱ्या मिशनरी संस्थेचा) छाप आणि १८६५ हा आकडा होता, म्हणून घर १८६५ सालचं असं धाकटी पिढी अभिमानाने सांगे. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा. कौल नंतर कधीही भाजलेलं असू शकतं. मिशनचे कारखाने पहिल्या महायुद्धात मिशनच्या हातून गेले, त्यामुळे ती कौलं त्याआधीची एवढं म्हणता येतं. घर त्याहून जुनंही असेल, कारण कौलं येण्याआधी या घरावर केंबळ (गवताचं छप्पर) होतं असं अण्णांनी आजीकडून ऐकलेलं.

अण्णा आणि वहिनी गावात राहतात, आगर बघतात. बाकी सगळे बाहेर: अण्णांची बहीण पुण्यात (मुलं तिला आत्या म्हणतात), मधल्या काकांची दोन मुलं मुंबईत, धाकटे काका अमेरिकेत. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर मात्र अजून आजोबाच. घर सगळ्यांचं होतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. उरलेले दहा महिने ते अण्णांचं.

नव्वदच्या दशकात हातात चार पैसे आले तेव्हा घर 'पक्कं' करून घेतलं होतं. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, त्यात पुळणीवरची वाळू, त्यावर ऑइलपेंट. शेणाने सारवलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतून फरशी. मागच्या अंगाला स्लॅबचे संडास-बाथरूम. त्या काळी किनाऱ्यावर घरोघरी हेच झालं, आणि करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाहुणे आले की संडासाला आगरात जावं लागणं ही काही जपण्यासारखी परंपरा नव्हती.

३ जून २०२० आणि नंतरचे चार महिने

निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दापोली आणि मंडणगड तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. या घराच्या पश्चिमेकडच्या पाख्याची (छपराच्या उताराची) निम्म्याहून जास्त कौलं उडाली, दोन माड मागच्या पडवीवर पडले, आणि आगरातल्या पोफळी मधोमध मोडून पडल्या. टाळेबंदीमुळे मुंबई-पुण्याहून कुणाला येता येईना. अण्णांनी गावातल्या दोघातिघांना घेऊन ताडपत्री बांधली. ती दर आठवड्याला फाटे. कौलं मिळत नव्हती, पत्रे मिळत होते, आणि गणपतीपर्यंत गावातली निम्मी छपरं निळी-लाल झाली.

पाऊस चार महिने आत येत राहिला. माळ्यावरच्या कच्च्या विटांची एक भिंत पोट काढून उभी राहिली.

दसऱ्यानंतर मी घर पाहायला गेलो तेव्हा कुटुंबाचा प्रश्न सरळ होता: छपराला किती खर्च येईल?

अडचण नेमकी कुठे होती

छपराचं नुकसान डोळ्यांना दिसत होतं, म्हणून ते सोपं होतं. भिंतींकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, कारण ओल गेली वीस-पंचवीस वर्षं होतीच आणि दर दोन वर्षांनी तिच्यावर रंग चढत होता.

ओटीच्या भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत पट्टा होता. त्यावर बोटाने वाजवलं की गिलावा पोकळ बोले. एका कोपऱ्यात तो काढून पाहिला तर मागचा जांभा भुगा होऊन खाली आला. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतली ओल तो वर ओढतो, आणि चुन्याचा गिलावा असेल तर ती वाटेतच हवेत सोडून देतो. सिमेंट आणि ऑइलपेंटने ती वाट बंद केली. मग ओल आणखी वर चढली, आणि बरोबर मीठ घेऊन गेली: जमिनीतलं, वाऱ्याने आणलेलं आणि गिलाव्यातल्या वाळूतलं. मीठ गिलाव्यामागे साठून स्फटिक होतं, फुगतं आणि दगडाचा पृष्ठभाग ढकलून पाडतं. गावात याला लोणा लागला म्हणतात, आणि उपाय म्हणून आणखी जाड सिमेंट थापतात.

फरशीने दुसरं काम केलं होतं. पूर्वी जमिनीतली ओल सारवलेल्या जमिनीतून थोडीथोडी निघून जाई. काँक्रीट आल्यावर तिला भिंतींखेरीज रस्ता उरला नाही. शिवाय जमीन चार इंच वर आल्याने ओटीच्या खांबांचे दगडी तळखडे फरशीखाली गाडले गेले. लाकूड जमिनीपासून वर राहावं म्हणूनच तळखडा असतो. आता खांबांचे पाय काँक्रीटच्या खड्ड्यात ओल्यात उभे होते. सहापैकी चार खांब खालून वाळवीने पोखरलेले निघाले, वरून तेलपाण्याने चकचकीत.

बाहेर आणखी एक गोष्ट. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढत गेला. तीन फुटांचं जोतं रस्त्याच्या बाजूने दीड फूटच दिसत होतं, आणि अंगणाचा उतार उलटून घराकडे झाला होता. पावसाचं पाणी जोत्याला लागून उभं राही.

आणि स्लॅब. घरातला सर्वात नवा भाग सर्वात वाईट अवस्थेत होता. खारट वाळूच्या काँक्रीटमध्ये सळ्या गंजल्या होत्या, गंज फुगून काँक्रीटचे पापुद्रे पडत होते. शंभर वर्षांचं घर उभं आणि तीस वर्षांचं बाथरूम डोक्यावर पडायच्या बेतात. हे मी मुद्दाम मुंबईच्या पुतण्याला दाखवलं, कारण सगळं पाडून आरसीसी बंगला बांधावा हा प्रस्ताव त्याचा होता.

समोर असलेले पर्याय

कुटुंबापुढे चार वाटा होत्या, त्या सगळ्या गंभीर.

पहिली, पाडून नवा बंगला. दुसरी, भिंती ठेवून लोखंडी ट्रस (छपराचा सांगाडा) आणि रंगीत पत्रे, हवं तर पत्र्यावर शोभेला कौलं. तिसरी, आहे ते जसंच्या तसं दुरुस्त करणं. चौथी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं: विकणं. जुन्या लाकडाचा एक व्यापारी वादळानंतर महिन्याभरातच येऊन ओटीचे खांब आणि देवघराचं दार यांचा भाव सांगून गेला होता. कोकणातले असे खांब कुठल्याशा शहरातल्या हॉटेलात नुसते शोभेला उभे दिसतात, डोक्यावर छप्पर नाही, पायाशी तळखडा नाही.

धाकट्या काकांचं म्हणणं वेगळं होतं. 'पैसे मी देतो, पण घर अगदी मी लहानपणी होतं तसं हवं.' ऐकायला हे सर्वात जपणुकीचं मत, प्रत्यक्षात सर्वात अवघड. त्यांच्या लहानपणी घरात बारा माणसं होती, रोज कुणीतरी सारवत होतं, दरवर्षी शाकारणी (पावसाआधी कौलं नीट बसवून घेणं) होत होती. आता वहिनींना गुडघ्यांचा त्रास आहे. सारवणार कोण?

पहिला निर्णय : पाडायचं नाही

हा निर्णय प्रेमाने नव्हे, कागदाने झाला. घर किनारा नियमन क्षेत्राच्या ना-विकास पट्ट्यात येत होतं. या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. अधिकृत अस्तित्वात असलेल्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण आहे त्या जोत्याच्या क्षेत्रफळात आणि आहे त्या चटईक्षेत्रात. २०११ ची अधिसूचना असो की १८ जानेवारी २०१९ ची, ही अट दोन्हींत आहे.

म्हणजे पुतण्याचा दुमजली बंगला कागदावरच मोडत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घर अधिकृत असल्याचा पुरावा काय, तर दिवंगत आजोबांच्या नावचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या. घर उभं आहे तोवर हा पुरावा भक्कम. एकदा पाडलं, मग परवानगी अडकली, तर हातात मोकळं जोतं आणि मृताच्या नावचा कागद. मी त्यांना एवढंच म्हटलं की उभं घर हाच तुमचा सर्वात मोठा दस्तऐवज आहे.

स्लॅबचं बाथरूम उताऱ्यावर कुठेच नव्हतं. ते पाडायचं आणि परत तिथे काही बांधायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. त्यातून पुढचा पेच आला: मग संडास-बाथरूम घरात कुठे?

दुसरा निर्णय : छप्पर

पत्र्याच्या बाजूने खरे मुद्दे होते. तो लवकर बसतो, गळत नाही, माकडं फोडत नाहीत. माकडांचा मुद्दा शहरातल्या जपणूकवाल्यांना विनोदी वाटतो; गावात कौलं नकोशी होण्याचं ते मोठं कारण आहे.

पण समुद्राच्या वाऱ्यात लोखंडी ट्रसचे सांधे आणि पत्र्याचे स्क्रू आधी गंजतात, आणि पत्रा उडतो तो अखंड उडतो. कौल सुटं उडतं, सुटं बदलता येतं. दुपारी पत्र्याखाली माळा भट्टी होतो. आणि जुने वासे काढून ट्रस आणायचा तर भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतावा लागतो. मातीत बसवलेल्या भिंतीवर तो नवा भार.

कौलं ठेवायची ठरली, पण होती तशी नाही. मंगलोरी कौलाच्या पोटाला तार ओवायचं भोक कारखान्यातच ठेवलेलं असतं. आमच्याकडे ते सहसा कुणी वापरत नाही; कौलं स्वतःच्या वजनावर बसतात. वादळात वारा वळचणीच्या खालून शिरतो आणि पहिल्या ओळी उचलतो, मग त्यामागची सगळी सैल होतात. म्हणून वळचणीच्या खालच्या तीन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतच्या ओळी तांब्याच्या तारेने रिपांना (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना) बांधल्या. पश्चिमेच्या पाख्यावर मधल्या भागातही एकाआड एक कौल बांधलं. कोने (आढ्यावरची कौलं) चुन्यात बसवले. वासे भिंतीवरच्या लाकडाला स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी आवळले. यातलं काहीच खालून दिसत नाही.

जुनी कौलं एकेक वाजवून निवडली. खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते अंगणाच्या भरावाला. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, खाचा जुळत नाहीत. म्हणून एकाच छापाची सगळी पूर्वेच्या, दर्शनी पाख्यावर घेतली आणि पश्चिमेला शेजारच्या गावात पाडलेल्या एका मोठ्या घराची कौलं विकत घेऊन चढवली. त्या घराचे वासेही थोडे मिळाले. एका घराच्या मोडीवर दुसरं घर तगतं, हा प्रकार सुखाचा नाही, पण मुरलेलं लाकूड नाहीतर आणायचं कुठून?

खांब पूर्ण बदलले नाहीत. खालचा कुजलेला भाग कापून त्या जागी जुन्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडला, आणि तळखडे फरशीतून खणून पुन्हा उघडे केले. सांधा दिसतो. आत्यांना तो लपवायला हवा होता; सुताराने नकार दिला. 'पुढच्याला कळायला हवं कुठे जोडलंय ते,' असं म्हणाला, आणि मला त्यात भर घालण्याजोगं काही नव्हतं. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल दिलं, होड्यांना देतात तसं. हात भाजतात, वास महिनाभर जात नाही, पण वाळवी दूर राहते.

तिसरा निर्णय : सिमेंटचा गिलावा

सगळ्यात लांबलेला वाद हाच. गिलावा अण्णांनी स्वतः, त्यांच्या कमाईतून करून घेतला होता. तो काढा म्हणणं म्हणजे त्यांच्या उमेदीच्या दिवसांवर हातोडा. शिवाय उडी अंधारातली होती: गिलावा काढल्यावर आतला जांभा किती शिल्लक असेल ते आधी सांगता येत नव्हतं.

इथे कुटुंबाने चांगला मार्ग काढला. माजघराची एकच भिंत आधी मोकळी करायची आणि उन्हाळाभर नुसती ठेवायची. फेब्रुवारीत गिलावा उतरवला. एप्रिलमध्ये भिंत दगडी रंगाची, कोरडी, हाताला खरखरीत लागत होती. शेजारची ऑइलपेंटची भिंत तेव्हाही घामेजलेली. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला ओटीच्या भिंतीवर बसवलं.

भुगा झालेले चिरे काढून त्या जागी खाणीतून आणलेले नवे चिरे बसवले. बाहेरच्या दरजा पावसाआधी चुन्याने भरून घेतल्या. आतला गिलावा मात्र त्या वर्षी केला नाही. भिंतींना एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची कोरडी हवा दिली. चुन्याचं काम सुरू झालं ते २०२१ च्या दिवाळीनंतर.

चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. पावसाळ्यात तो वाळत नाही, कडक उन्हात तडकतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच खिडकी. चुन्याची कळी विझवून महिनाभर पाण्याखाली मुरवली. वाळू नदीची, धुतलेली. पाण्यात गूळ आणि हिरडा. पातळ थर, प्रत्येक थराला दिवस, आणि ओली पोती टांगून ठेवायची. तरुण गवंड्यांना हे संथ काम पटेना. सिमेंटमध्ये दोन दिवसांत भिंत होते आणि मजुरी हातात पडते. शेवटी मजुरी भिंतीवर नव्हे, दिवसावर ठरवली तेव्हा काम नीट झालं. चुन्याच्या कामात हा ठराव गवंडी निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

जमिनीच्या बाबतीत धाकट्या काकांचं शेण आणि पुतण्याची चकचकीत फरशी, दोन्ही सुटलं. काँक्रीट फोडलं, जुन्या पातळीवर गेलो, आणि चुन्याच्या थरावर शहाबादी, सांधेही चुन्याचे. देवघरात मात्र वहिनींनी सारवलेलीच जमीन ठेवली. तेवढं मी करीन म्हणाल्या.

चौथा निर्णय : पाहुण्यांसाठी काय बदलायचं

दुरुस्तीचा खर्च घराने काही अंशी परत द्यावा म्हणून दोन खोल्यांत पाहुणे ठेवायचं ठरलं. २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या स्थानिक कुटुंबांना याची मुभा आहे, तीही जोत्याचं क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. घराचं रूप राखण्याची अट सरकारनेच घातल्यामुळे घरातले अर्धे वाद परस्पर मिटले.

उरलेले अर्धे असे. पुतण्याला मागच्या भिंतीत मोठी काच हवी होती, समुद्र दिसावा म्हणून. पोफळी पडल्यामुळे आता खरंच दिसला असता. पण तिथूनच खारा वारा थेट घरात येत होता. काच झाली नाही.

एसीचा प्रश्न अधिक खरा होता, कारण मे महिन्यात येणारा पाहुणा तो मागतोच. बंद, गार केलेल्या खोलीत दमट हवेची ओल थंड पृष्ठभागांवर धरते. तोडगा असा निघाला: एकच खोली, पूर्वेची, तिला लाकडी तक्तपोशी (फळ्यांचं आतलं छत) आणि घट्ट बसणारी दारं. दुसऱ्या खोलीला पंखा आणि उंच झरोका. पाहुण्यांनी निवडावं.

आणि बाथरूम. जागेच्या हिशेबाने बाळंतिणीची खोली सर्वात सोयीची होती: माजघराला लागून, छोटी, अंधारी, आता वापरात नसलेली. नकाशावर मी ती तशी दाखवली. आत्यांनी फोनवर विचारलं, 'अहो, आम्ही सगळी त्या खोलीत जन्मलो. तिथे कमोड बसवणार?' तांत्रिक कारणही त्यांच्या बाजूचं निघालं. घराच्या मधोमध पाण्याचा वापर आणणं म्हणजे ज्या ओलीशी झगडत होतो तिला आतून वाट देणं. मग जुनं न्हाणीघर आणि लाकडांची खोली मिळून दोन बाथरूम केली. जांभ्याच्या भिंतीला हात न लावता आत बोटभर पोकळी सोडून वेगळी विटांची भिंत घेतली, नळ सगळे तिच्यावर. शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर, उताराच्या बाजूला. विजेच्या तारांसाठीही भिंती खणल्या नाहीत. नळ्या उघड्या, तुळयांच्या कडेने.

परिणाम

पहिली परीक्षा ठरवून आली नव्हती. मे २०२१ च्या मध्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं, तेव्हा पश्चिमेचा पाखा बांधून झालेला होता आणि पूर्वेचा अर्धवट. निसर्गइतका जोर नव्हता, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण बांधलेल्या पाख्यावरचं एकही कौल हललं नाही, न बांधलेल्या भागातली वळचणीची ओळ उचकटली. त्यानंतर तारेच्या खर्चावर कुणी बोललं नाही.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर नव्या चुन्यावर गुडघ्याच्या उंचीपर्यंत पांढरी बुरशीसारखी पावडर उमटली. मुंबईहून घाबरून फोटो आले. ते मीठ होतं, आणि ते बाहेर येतंय हे चांगलंच होतं. अशा भिंतीचा पहिला गिलावा मीठ शोषून घेण्यासाठीच असतो. कोरड्या ब्रशने झाडायचं, पाण्याने पुसायचं नाही, पुसलं की मीठ पुन्हा आत जातं. दोन वर्षांनी खालचा पट्टा काढून नवा केला. त्यानंतर उमटतं ते फक्त मागच्या भिंतीला, पश्चिमेकडून.

अंगण खणून उतार पुन्हा रस्त्याकडे करणं शक्य नव्हतं, रस्ताच उंच. जोत्याभोवती जांभ्याची उथळ पन्हळ काढून पाणी उत्तरेच्या गटाराकडे नेलं. पावसात झापांच्या झडी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे आडोसे, पुन्हा मागच्या पडवीला बांधायला सुरुवात झाली. गेली काही वर्षं त्यांची जागा निळ्या प्लास्टिकने घेतली होती.

पाहुण्यांची खोली भरते ती दिवाळी ते मे. त्या पैशातून वर्षाची डागडुजी निघते, मूळ खर्च नाही. तो बहुतांश धाकट्या काकांनी उचलला, आणि निम्म्याहून जास्त एकट्या छपरावर आणि लाकडावर गेला.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. छप्पर आधी हे बरोबर, पण अंगणातलं पाणी दुसऱ्या वर्षी काढलं. ते ताडपत्रीच्या दिवसांतच, चार मजुरांत झालं असतं, आणि भिंती वर्षभर आधी वाळू लागल्या असत्या. जोत्याजवळचं पाणी तोडणं हे सर्वात स्वस्त काम असतं आणि बहुतेक ठिकाणी सर्वात शेवटी होतं.

आगराचा विचार घराच्या अंदाजपत्रकात कुणीच धरला नव्हता. मागच्या भिंतीला अजून मीठ येतं त्याचं कारण भिंतीत नाही, मोडलेल्या पोफळींत आहे. पोफळी आणि माड हेच घराचं पश्चिमेचं कवच होतं, आणि पोफळ उभी राहायला सहा-सात वर्षं लागतात. अण्णांनी रोपं लावली ती २०२२ मध्ये, घराचं काम आटोपल्यावर. वादळानंतरच्या पहिल्याच पावसात लावली असती तर खर्च किरकोळ होता आणि दोन वर्षं हाताशी आली असती. किनाऱ्यावरच्या घराची पाहणी करताना आता मी आगराच्या टोकापासून सुरुवात करतो.

नोंदी कमी पडल्या. वादळापूर्वीच्या छपराचा एकही नीट फोटो नव्हता. सगळे फोटो गणपतीपुढे उभ्या माणसांचे, छप्पर कडेला कापलेलं. माळ्यावरची कच्च्या विटांची भिंत उतरवताना तिच्यातली कोनाड्यांची रांग कुठे होती यावरून वाद झाला आणि आठवणीवरून बांधली. ज्यांची घरं अजून धड आहेत त्यांनी पुढच्या मे महिन्यात तास-दोन तास काढून प्रत्येक खोलीचे, वासे-सांध्यांचे, दारांच्या बिजागऱ्यांचे फोटो काढून ठेवावेत.

कागदांचं काम अजून अर्धंच आहे. नमुना ८ वर वारसांची नावं लागली, पण कोणी किती पैसे घातले आणि त्यावर कुणाचा काय हक्क, याचा लेखी करार झालेला नाही. सगळ्यांची एकमेकांवर माया आहे, म्हणून कुणी विषय काढत नाही. वकिलांनी मसुदा दिला, तो फोनमध्ये आहे. हे बांधकामाआधी व्हायला हवं होतं. खर्च झाल्यावर असा कागद पुढे केला की तो हिशेब मागितल्यासारखा वाटतो.

आणि शाकारणी. तांब्याची तार टिकेल, चुनाही टिकेल, पण दरवर्षी मेच्या अखेरीस कुणीतरी छपरावर चढून सरकलेली कौलं बसवायची, पानं काढायची आणि माकडांनी फोडलेली बदलायची आहेत. जादा कौलं माळ्यावर रचून ठेवली आहेत. आजवर हे काम अण्णा करायचे. गेल्या वर्षी मुंबईचा पुतण्या, तोच बंगलावाला, त्यासाठी चार दिवस रजा काढून आला होता. यंदा त्याला रजा मिळालेली नाही, आणि गावात छपरावर चढणारा जो एक माणूस उरला आहे त्याच्याकडे मे महिन्यात वीस घरांची यादी असते.